हुन्नर आपला, हक्क कुणाचा?
हर्नियाची जाळी, संगणकाचे कुलूप आणि पेटंटचा कायदा

जुहू (मुंबई) : जुहू म्हटले की लोकांना चौपाटी आणि नटनट्यांचे बंगले आठवतात. परंतु कामधंद्याच्या नजरेने पाहणाऱ्याला या भागात आणखी दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे महापालिकेचे कूपर रुग्णालय. हमाल, हातगाडीवाले, बिगारी, कारागीर असा कष्टकरी माणूस दुखणे घेऊन इथे येतो. दुसरी म्हणजे एसएनडीटी महिला विद्यापीठाचे जुहू संकुल. तिथे १९९७ पासून मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय असून संगणकाचे शिक्षण दिले जाते. शेजारच्या वर्सोव्याला तर समुद्राखालून आलेल्या केबली किनाऱ्याला लागतात. आपल्या दुकानातून मोबाईलवर होणाऱ्या व्यवहारांचे जग या केबलींवर चालते.

एकीकडे माणसाच्या पोटाची फाटलेली भिंत सांधण्याचे काम, दुसरीकडे संगणकाच्या जाळ्याला कुलूप लावण्याचे काम. दोन्ही धंदे अगदी निराळे. पण एका प्रश्नावर दोन्ही एकत्र येतात. नवी युक्ती ज्याने काढली, तिच्यावर हक्क कुणाचा? हा प्रश्न डॉक्टर आणि इंजिनियर यांचाच नाही. जुहू गल्लीत शटर बनवणाऱ्या वेल्डरचा, भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्याचा आणि धारावीत चामड्याचे काम करणाऱ्याचाही तो आहे. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे.

पेटंट म्हणजे काय?

पेटंट हा सरकारशी केलेला सौदा आहे. शोधकाने आपली युक्ती लपवून न ठेवता कागदावर इतकी स्पष्ट लिहून द्यायची की, त्या धंद्यातला दुसरा जाणकार ती वाचून तसेच काम करू शकेल. त्या बदल्यात सरकार त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे दुसऱ्यांना रोखण्याचा हक्क देते. मुदत संपली की ती युक्ती साऱ्या जगाची. आपल्याकडे यासाठी १९७० चा पेटंट कायदा असून तो २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला.

त्यासाठी तीन अटी आहेत. शोध नवा हवा, म्हणजे जगात कुठेही आधी प्रसिद्ध झालेला नको. तो त्या धंद्यातल्या माणसाला सहज सुचेल असा नको. आणि तो उद्योगात उपयोगी पडणारा हवा. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरी कायद्याच्या कलम ३ मध्ये काही गोष्टी मुळातच पेटंटबाहेर ठेवल्या आहेत. हर्निया आणि संगणक, दोघांचीही गाठ या कलमाशी पडते.

दोंडाईचाची जाळी

हर्नियाला मराठीत अंतर्गळ म्हणतात. पोटाच्या स्नायूंची भिंत एखाद्या ठिकाणी, बहुधा जांघेत, कमजोर होते आणि आतले आतडे तिथून बाहेर फुगते. ओझे उचलताना, खोकताना फुगवटा वाढतो. आतडे अडकून बसले तर जिवावर बेतते. हा आजार फार जुना आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी कोर्दोबाचे वैद्य अबुल कासिम अल-जहरावी यांनी आपल्या ग्रंथात शस्त्रक्रियेच्या हत्यारांची चित्रे काढून हर्नियावरचे उपचारही लिहून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इटलीच्या एदुआर्दो बासिनी यांनी स्नायू ओढून शिवण्याची पद्धत रूढ केली. पण ओढून घातलेला टाका ताणाने सुटतो, हे कुठलाही शिंपी सांगेल. तशीच गत इथेही होई. हर्निया पुन्हा उलटे.

यावर उपाय निघाला तो ठिगळाचा. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ह्यूस्टनचे डॉ. फ्रान्सिस अशर यांनी प्लास्टिकच्या धाग्याची जाळी वापरायला सुरुवात केली. पुढे लॉस एंजेलिसचे डॉ. अर्व्हिंग लिक्टेनस्टाइन यांनी भिंतीवर ताण न देता जाळी बसवण्याची पद्धत १९८९ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती जगभर पसरली. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढतात व भिंत मजबूत होते.

पद्धत उत्तम, पण तयार जाळी महाग. खेड्यापाड्यातल्या रुग्णाने ती आणायची कुठून? धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे शल्यचिकित्सा करणारे डॉ. रवींद्रनाथ तोंगावकर यांनी या प्रश्नाचे उत्तर कापडाच्या बाजारात शोधले. मच्छरदाणीचे कापड! पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन यांच्या मिश्रणातून बनलेले हे कापड नीट धुऊन, कापून, वाफेने निर्जंतुक करून त्यांनी व त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी जाळीच्या जागी वापरले. एका रुग्णाला लागणाऱ्या तुकड्याची किंमत अगदी नगण्य. निरनिराळ्या ठिकाणच्या साडेतीनशेच्या आसपास शस्त्रक्रियांचा अनुभव त्यांनी २००३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात मांडला.

ही गोष्ट तिथेच थांबली नाही. पुढे आफ्रिकेतही डॉक्टरांनी हा मार्ग धरला. युगांडात स्वीडिश व स्थानिक संशोधकांनी ३०२ पुरुषांवर रीतसर चाचणी घेतली. निम्म्यांना मच्छरदाणीची स्वस्त जाळी, निम्म्यांना कंपनीची महागडी जाळी. एक वर्षानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाचा हर्निया उलटला, महाग जाळीच्या गटात एकाचाही नाही. म्हणजे व्यवहारात फरक नाही. हा निष्कर्ष २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापला गेला. स्वस्त जाळीचा खर्च सुमारे १ डॉलर होता, कंपनीच्या जाळीचा शंभर डॉलरहून अधिक.

इथे एक इशारा आवश्यक आहे. हे वाचून कुणी कापड दुकानदाराने ‘हर्नियाची जाळी’ म्हणून माल विकू नये. शरीरात बसवायची जाळी हे वैद्यकीय उपकरण आहे. ते बनवण्या-विकण्यासाठी २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार परवाना लागतो. कापड कोणते, ते किती तापमानाला निर्जंतुक करायचे, याचे शास्त्र आहे. जास्त उष्णतेने प्लास्टिक आकसते.

डॉक्टरच्या हाताला पेटंट नाही

आता प्रश्न असा की, अशा युक्तीवर भारतात पेटंट मिळाले असते काय? उत्तर आहे, नाही. कलम ३ (आय) प्रमाणे माणसावर किंवा जनावरावर करायच्या उपचाराची, शस्त्रक्रियेची पद्धत हा कायद्याच्या लेखी शोध नाही. कलम ३ (डी) प्रमाणे माहीत असलेल्या पदार्थाचा केवळ नवा उपयोग हाही शोध नाही. मच्छरदाणी जुनी, तिचा उपयोग नवा. कायदा इथे हक्क देत नाही.

यामागे शहाणपण आहे. अमेरिकेत ॲरिझोनाचे डॉ. सॅम्युएल पॅलिन यांनी मोतीबिंदूच्या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेवर पेटंट मिळवले आणि १९९३ मध्ये व्हरमाँटचे डॉ. जॅक सिंगर यांच्यावर दावा लावला. डॉक्टरने चीर कशी द्यावी यासाठी दुसऱ्या डॉक्टरला पैसे मोजायचे? वैद्यकीय जगतात मोठा गदारोळ झाला. १९९६ मध्ये दावा निष्फळ ठरला आणि त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा बदलून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना अशा दाव्यांतून सोडवले.

पण कारागिराने इथून पुढचे नीट वाचावे. बंदी आहे ती पद्धतीवर, वस्तूवर नाही. जाळीची नवी वीण, ती पकडून आत सोडणारा नवा चिमटा, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतले नवे हत्यार, जाळी खिळवून ठेवणारी नवी पिन, यांवर पेटंट मिळू शकते. म्हणजे डॉक्टरच्या हाताला पेटंट नाही, हातातल्या हत्याराला आहे. आणि हत्यार घडवतो कोण? लेथवर बसलेला कारागीर!

वस्तूच्या पेटंटचे मोल किती असते, याचे उदाहरण हर्नियाच्या जाळीच्या धाग्यातच आहे. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक अमेरिकेच्या फिलिप्स कंपनीतील पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स यांनी १९५१ मध्ये शोधले. १९५३ मध्ये त्यांनी अर्ज केला. पण इतर बड्या कंपन्यांनीही आम्हीच आधी शोधले असा दावा केला. ‘पहिला कोण’ हा वाद इतका लांबला की पेटंट हातात पडायला १९८३ साल उजाडले. तीस वर्षांनी कंपनी जिंकली, ती आपल्या तारखा व नोंदी तिने जपून ठेवल्या होत्या म्हणून.

कुलूप वाटा, किल्ली जवळ ठेवा

आता संगणकाकडे वळू. १९८८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेल्या एका प्रोग्रॅमने हजारो संगणक ठप्प केले. जाळ्यात जोडलेली यंत्रे एकमेकांची दुखणीही घेतात, हे तेव्हा जगाला कळले. पण जाळ्याच्या सुरक्षिततेचा पाया त्याआधीच, १९७७ मध्ये, रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघा संशोधकांनी घातला होता. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्या पद्धतीला आरएसए म्हणतात.

त्यातली कल्पना दुकानदाराला सहज कळेल. समजा, आपण आपली उघडी कुलुपे गावभर वाटली. ज्याला आपल्याला गुप्त निरोप पाठवायचा असेल त्याने तो पेटीत घालून आपले कुलूप दाबावे. किल्ली मात्र एकट्या आपल्याजवळ. आरएसएमध्ये हे काम आकड्यांनी होते. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे महाकठीण.

आता यातली मेख पाहा. ऑगस्ट १९७७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांच्या सदरात ही पद्धत छापून आली. पेटंटचा अर्ज झाला डिसेंबर १९७७ मध्ये. अमेरिकेच्या कायद्यात प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवलत होती, म्हणून तिथे १९८३ मध्ये पेटंट मिळाले आणि ते २००० सालापर्यंत चालले. पण इतर बहुतेक देशांत अशी सवलत नसल्याने तिथला हक्क कायमचा गेला. तिघे विद्वान, संस्था जगातली अव्वल, आणि चार महिन्यांच्या फरकाने अमेरिकेबाहेरचे जग हातून निसटले!

आपल्या कारागिराचे नेमके असेच होते. समजा, एखाद्या वेल्डरने शटरला बाहेरून न दिसणारी, कटरने न कापता येणारी कडी बनवली. पहिल्या दिवशी तो शेजाऱ्याला दाखवतो, दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात मांडतो, तिसऱ्या दिवशी मोबाईलवर तिचा व्हिडिओ टाकतो. सहा महिन्यांनी बाजारात नक्कल दिसली की मग वकिलाकडे धावतो. तेव्हा वकील सांगतो की, तुमचीच प्रसिद्धी तुमच्या आड आली. कलम ३१ प्रमाणे केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली असेल, तर १२ महिन्यांत अर्ज करता येतो. परंतु गल्लीतले, मंडळाचे, बाजारपेठेचे प्रदर्शन यात बसेलच असे नाही.

भारतात संगणकाच्या शोधांना कलम ३ (के) आडवे येते. निव्वळ संगणक प्रोग्रॅम, गणिती रीत किंवा धंद्याची रीत पेटंटला पात्र नाही. मात्र ‘निव्वळ’ या शब्दाला महत्त्व आहे. ट्युनिशियाचे नागरिक फरीद अलानी यांचा अर्ज पेटंट कार्यालयाने फेटाळला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितले की, शोधातून तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक प्रगती दिसत असेल तर केवळ त्यात प्रोग्रॅम आहे म्हणून तो नाकारता येत नाही. पुढे २०२० मध्ये त्यांना पेटंट मंजूर झाले. शिवाय लिहिलेल्या प्रोग्रॅमला कॉपीराइटचे संरक्षण असतेच.

दुरुस्तीच्या दुकानातून

मोठ्या प्रयोगशाळेशिवाय या क्षेत्रात काही करता येत नाही, असे समजणाऱ्यांनी पुण्याचे कैलास आणि संजय काटकर हे बंधू पाहावेत. मूळ सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. कैलास यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले, पुढे स्वतःचे दुकान टाकले आणि संगणकदुरुस्तीकडे वळले. धाकटे संजय संगणकशास्त्र शिकले. दुकानात येणारी यंत्रे पुन्हा पुन्हा व्हायरसनेच बिघडलेली असत. संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ बाजारात आले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. संगणक बंद पाडून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला ओळखण्याच्या तंत्रावर तिने अमेरिकेत पेटंटही मिळवले.

या गोष्टीतला धडा साधा आहे. शोध लागला तो दुरुस्तीच्या टेबलावर, कारण रोजचे दुखणे दुरुस्ती करणाऱ्यालाच दिसते. आपल्या समाजात मोटार, मोबाईल, शिलाई यंत्र, माग दुरुस्त करणारे हात काही कमी नाहीत.

काय करावे?

पहिले, तोंड बंद. अर्जाची तारीख मिळेपर्यंत वस्तू विकू नये, प्रदर्शनात मांडू नये, व्हिडिओ टाकू नये. दाखवणे भागच असेल तर गुप्ततेचा लेखी करार करावा.

दुसरे, शोधाची नोंद ठेवावी. चित्रे, मापे, तारखा वहीत लिहून सह्या घ्याव्यात.

तिसरे, आधी शोध घ्यावा. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी पेटंट फुकट पाहता येतात. आपली युक्ती तिथे आधीच असेल तर पैसे वाचतील.

चौथे, काम अर्धे झाले असले तरी तात्पुरत्या वर्णनासह अर्ज करता येतो. त्या दिवसाची तारीख पक्की होते आणि पूर्ण वर्णनासाठी १२ महिने मिळतात. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करावा लागतो. महाराष्ट्रासाठीचे कार्यालय मुंबईत ॲन्टॉप हिल येथील बौद्धिक संपदा भवनात आहे. एकट्या व्यक्तीला वा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे. तपासणीच्या विनंतीची फी ४,००० रुपये, आणि २०२४ च्या नियमांनुसार ती विनंती ३१ महिन्यांत करावी लागते. ती न केल्यास अर्ज सोडून दिल्याचे धरले जाते. एजंटचा मोबदला वेगळा. पेटंट मिळाल्यावर ते चालू ठेवण्यासाठी वर्षाची फी भरावी लागते.

पाचवे, खऱ्या शोधकाचे नाव अर्जात आलेच पाहिजे. कारखान्यात शागिर्दाने युक्ती काढली आणि उस्तादाने आपल्या नावावर अर्ज केला, हे चालत नाही. हक्क मालकाकडे द्यायचा असेल तर लेखी हस्तांतरण करावे आणि शागिर्दाला त्याचा योग्य मोबदला द्यावा. वर्षानुवर्षांच्या भागीदाऱ्या अशाच तोंडी व्यवहाराने तुटतात.

सहावे, प्रत्येक वस्तूला पेटंट लागतेच असे नाही. नावीन्य कामात नसून रूपात, नक्षीत असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी स्वस्त पडते. ती १० वर्षे टिकते व आणखी ५ वर्षे वाढवता येते. आणि खर्च भागण्याइतका धंदाच नसेल, तर पेटंटची सनद भिंतीवर टांगून घर चालत नाही. नक्कल करणाऱ्याला कोर्टात शोधकालाच खेचावे लागते. सरकार त्याच्या वतीने धावत नाही. पैसा नसलेल्या कारागिरांना गुजरातेतील राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही २००० साली स्थापन झालेली संस्था मदत करते.

जुने ज्ञान कुणाचेच नाही

अत्तार आणि हकीम मंडळींनी हेही ध्यानात ठेवावे. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने लेखी पुरावे पुढे केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्यानंतर सरकारने पारंपरिक ज्ञानाचे जे संगणकीय भांडार उभारले, त्यात आयुर्वेदाबरोबर युनानीचे अरबी, फारसी व उर्दू ग्रंथही आहेत. लिहिलेले टिकते आणि कामास येते, तोंडी राहिलेले हरवते.

डॉ. तोंगावकरांनी आपली युक्ती नियतकालिकात छापून जगाला उघड करून दिली. तिचा लाभ परक्या देशातल्या गरिबालाही झाला. काटकर बंधूंनी आपली युक्ती धंद्यात बांधली आणि अनेकांना रोजगार दिला. दोन्ही मार्ग इज्जतीचे आहेत. वाईट आहे तो तिसरा मार्ग. ना दिले, ना राखले, नुसते अजाणतेपणी गमावले. हुन्नर दान करायचा की त्यावर धंदा उभारायचा, हे कारागिराने स्वतः ठरवावे. फक्त ते बाजारात माल मांडण्याआधी ठरवावे.